डेलरोजचा गुरुवार

मागच्या निवडणुकीत तुम्ही मत द्यायला गेलात, तेव्हा घरातल्या आजारी माणसाजवळ कोण बसलं होतं? नाव आठवतंय त्या बाईचं? आणि तिने स्वतः मत कधी दिलं, हे तिला विचारलं होतंत का?

नाही विचारलंत. कुणीच विचारत नाही. म्हणून डेलरोज पिनॉकची गोष्ट सांगायची.

डेलरोज चोवीस तासांची बाई. म्हातारी, अंथरुणाला टेकलेली माणसं सांभाळायची, त्यांच्याच घरात राहायचं, त्यांच्याच हाकेला उठायचं. जमैकात सेंट एलिझाबेथच्या लाल मातीत वाढलेली. इथे आली तेव्हा छत्तीस वर्षांची होती, आता छप्पन्न. नदीकाठच्या आमच्या गावात तिच्यासारख्या शंभर-दीडशे बाया सहज असतील. रस्त्यात त्या तुम्हाला दिसणार नाहीत, कारण त्या कुणाच्या तरी पलंगाशेजारी असतात. दिसतात त्या आपापल्या सुट्टीला, क्लॉडेटच्या बेकरीत, गरम पॅटी आणि कोको ब्रेड समोर घेऊन, पायातले बूट काढून.

डेलरोजची सुट्टी म्हणजे एक आड एक गुरुवार. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. त्या दिवशी एजन्सी बदली बाई पाठवते. बाकीचे तेरा दिवस ती घराबाहेर पाऊल टाकू शकत नाही. आणि आमच्याकडे निवडणूक मंगळवारी. शे-दोनशे वर्षांपूर्वी कुणा शेतकऱ्यांच्या सोयीने ठरलेला मंगळवार. ते शेतकरी गेले, त्यांचे घोडे गेले, मंगळवार तेवढा राहिला.

नऊ वर्षांपूर्वी डेलरोजने न्यायाधीशासमोर उजवा हात वर करून नागरिकत्वाची शपथ घेतली. त्यानंतर तिने एकही निवडणूक चुकवली नव्हती. ते जमलं कसं, तर तेव्हा ती तीस मैलांवरच्या एका गावात काम करायची. मतदार इथली, नोकरी तिथे. पोस्टाने मत देण्याच्या फॉर्मवर सहा चौकोन असतात. सैन्यात आहे, आजारी आहे, अपंग आहे, धर्माची आडकाठी आहे, मतदान केंद्रावरच ड्यूटी आहे, किंवा दिवसभर गावाबाहेर आहे. डेलरोज 'गावाबाहेर' वर खूण करायची, मतपत्रिका घरी यायची.

मग तिकडची म्हातारी वारली आणि एजन्सीने डेलरोजला आमच्याच गावात, टेकडीवरच्या मिस्टर व्हिटकॉम यांच्याकडे टाकलं. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून बघितलं की चार गल्ल्यांपलीकडे शाळेवरचा झेंडा दिसायचा. त्या शाळेतच मतदान केंद्र. डेलरोज खूश झाली. इतकं जवळ! ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी ती नेहमीसारखी नगरकचेरीत फॉर्म भरायला गेली. खिडकीत मिसेस वोझ्निआक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"नवा पत्ता कुठला हो?"

डेलरोजने सांगितला.

"म्हणजे गावातच?"

"गावातच."

"मग 'गावाबाहेर' वर खूण कशी केलीत?"

"अहो, मी त्या घरातून हलू शकत नाही. म्हाताऱ्याला एकटं सोडलं तर नोकरी जाईल, आणि तो पडला तर जीव जाईल त्याचा. मी गावात असले काय आणि चंद्रावर असले काय, सारखंच."

"चंद्रावर असतात तर दिली असती हो मतपत्रिका," मिसेस वोझ्निआक म्हणाल्या. मग त्यांनाच लाज वाटली असावी. चष्मा काढून त्या हळू बोलल्या, "कायदा मी नाही केला, डेलरोज. माझी स्वतःची आई अशाच एका बाईच्या हातावर जगतेय. पण 'मी कुणालातरी सांभाळते' असा चौकोनच नाही या कागदावर."

बघा, म्हणजे ज्याला सांभाळायचं त्याला घरबसल्या मत. जी सांभाळते तिला नाही. आजाऱ्यासाठी चौकोन होता, त्याच्या उशाशी बसणारीसाठी नव्हता. तीस मैलांवर मतदार, चार गल्ल्यांवर कुणीच नाही! हा कायदा ज्यांनी लिहिला त्यांनी आयुष्यात कधी कुणाची चादर बदलली नसणार, एवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगता येतं.

बेकरीत क्लॉडेटने कपाळावर हात मारला. "अगं वेडे, करायची की खूण! कोण येणार आहे दारात बघायला, तू गावात आहेस का बाहेर?"

"खाली शपथ लिहिलीय."

"शपथ? टाय लावून शपथा मोडणारे पायलीचे पन्नास बसलेत वर."

"ते मोडू देत. माझा एकच हात वर झाला होता त्या न्यायाधीशासमोर. खोट्या कागदावर सही करायला दुसरा हात भाड्याने आणू का तुझ्याकडून?"

"माझे पिठाने भरलेत," क्लॉडेट म्हणाली, आणि तिने न मागता दुसरी पॅटी पुढे सरकवली.

आता गंमत ऐका. त्याच वर्षी मतपत्रिकेच्या तळाशी एक प्रश्न होता: मतदानाच्या दिवसाआधीही लोकांना केंद्रात येऊन मत देता यावं, अशी राज्याच्या घटनेत दुरुस्ती करावी का? हो किंवा नाही. डेलरोजला बाकी उमेदवारांचं फार काही नव्हतं. तिला त्या प्रश्नावर 'हो' म्हणायचं होतं. आणि ते म्हणायला तिला मंगळवारीच जावं लागणार होतं.

मिस्टर आल्डन व्हिटकॉम, वय एकोणनव्वद, यांचं मत बरोबर उलटं. हा माणूस एकतीस वर्षं त्या शाळेतल्या मतदान केंद्राचा प्रमुख होता. पितळी बिल्ला अजून ड्रॉवरमध्ये. संध्याकाळी आठच्या ठोक्याला दार बंद करण्यात त्यांचा हात गावात कुणी धरला नाही. आता नजरेच्या मधोमध काळा डाग पडला होता, हात थरथरायचा, पायांनी दगा दिलेला. जिभेला मात्र काही झालं नव्हतं.

"निवडणूक म्हणजे एक दिवस, डेलरोज. सगळा गाव एका रांगेत. नाताळ कधी पंधरा दिवस असतो का?"

"आमच्याकडे असतो. नाताळच्या सरबताचं सॉरेल भिजत घातलं की सुरू होतो, ते नवं वर्ष उजाडेपर्यंत."

"म्हणूनच तुमची बेटं मागे राहिली."

"आणि तुम्ही पुढे गेलात, म्हणून तर तुम्हाला मक्याची पेज भरवायला बेटावरून बाई आणावी लागली. तोंड उघडा."

ते तोंड उघडायचे. जायफळ घातलेली ती पेज त्यांना आवडायची, पण त्यांनी तसं कधी कबूल केलं नाही.

त्यांची मतपत्रिका पोस्टाने आली. 'आजारी' चा चौकोन. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डेलरोजने ती उघडली. कायद्याने त्यांना मदतनीस घेता येत होता, तो कोण, तर डेलरोज. ती एकेक नाव मोठ्याने वाचायची, ते सांगायचे, ती गोल काळा करायची. शेवटी प्रश्न आला.

"नाही," मिस्टर व्हिटकॉम म्हणाले.

डेलरोजचं पेन थांबलं. त्यांना कागद दिसत नव्हता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. 'हो' चा गोल 'नाही' च्या गोलाला लागून होता, मध्ये नखाएवढं अंतर.

"थांबलीस का?"

"पेन नीट चालत नाही."

तिने पेन झटकलं आणि 'नाही' चा गोल काळाकुट्ट केला. ओठ आवळून, कडेच्या बाहेर रेघ जाऊ न देता.

"नक्की 'नाही' वर केलंस ना?"

"मिस्टर व्हिटकॉम, माझ्या आईने चोर नाही वाढवला."

खाली मदतनीस म्हणून तिने सही केली आणि पाकीट पोस्टमनच्या हातात दिलं. तिच्या हाताने त्या प्रश्नावर त्या वर्षी पडलेलं मत एवढंच. आपण करू शकलो असतो हे? आधी स्वतःला विचारा आणि मगच पुढचं वाचा.

मंगळवार आला. एजन्सीने कबूल केलं होतं की दुपारी एकला दोन तासांसाठी बदली बाई येईल. एक वाजला, दोन वाजले. डेलरोजने फोन केला. "तिला दुसरीकडे पाठवावं लागलं, तिकडे तातडीचं होतं," पलीकडून उत्तर. मग तिने मिस्टर व्हिटकॉम यांच्या अ‍ॅरिझोनातल्या मुलीला, लोइसला, फोन लावला. "दहा मिनिटं झोपतील ना ते? तू जाऊन ये पटकन," लोइस म्हणाली. डेलरोजने फोनकडे नुसतं बघितलं. मागच्या हिवाळ्यात अशाच दहा मिनिटांत ते न्हाणीघरात पडले होते.

"मग मला घेऊन चल," खुर्चीतून आवाज आला.

"तुम्हाला?"

"चाकं आहेत ना खुर्चीला? माझं केंद्र आहे ते. बघू दे, नवीन लोक कशी वाट लावतायत."

पण दारापुढच्या पायऱ्यांवरून खुर्ची उतरवायला दोन माणसं लागतात. शेजारचा इग्लेसियस कामावरून साडेपाचला परत येतो. तोवर कपड्यांचा सोहळा. इस्त्रीची पँट, टाय, कोट, कोटावर पितळी बिल्ला. आणि डेलरोजने डायपर पुढे केला तशी तोफ कडाडली.

"ते नाही! तिथे अर्धा गाव उभा असणार."

"कोटाखाली कुणाला दिसणार आहे?"

"मला माहीत असणार ना! या बिल्ल्याखाली लंगोट घालून मी त्या दारातून जाणार नाही."

तिने जोर केला नाही. माणसाच्या मानापुढे घाई करू नये हे तिला तिच्या कामाने शिकवलं होतं. इथेच चूक झाली म्हणा.

साडेपाचला इग्लेसियसने हात दिला, खुर्ची खाली उतरली. चार गल्ल्या, शेवटची चढाची. डेलरोजने पोलादी दंडांनी खुर्ची रेटली. शाळेपाशी पोचले तर रांग झेंड्याच्या खांबापर्यंत. दारातला तरुण प्रमुख धावत आला. "मिस्टर व्हिटकॉम! या, या, तुम्ही पुढे या!"

"यांचं मत पोस्टाने गेलंय," डेलरोज म्हणाली. "मत माझं आहे."

"अच्छा... मग बाई, तुम्हाला रांगेत थांबावं लागेल."

रांगेतल्या लोकांना मात्र अक्कल होती. "अहो, म्हातारा माणूस थंडीत कुडकुडतोय, जाऊ द्या बाईला," असं म्हणत एकेकाने वाट दिली. होता होता पुढे फक्त नऊ जण राहिले. आतला उजेड दिसायला लागला, पडदे लावलेली टेबलं दिसायला लागली. डेलरोजने पर्समधून ओळखपत्र काढून हातात धरलं.

तेव्हा तिची बाही ओढली गेली.

"डेलरोज." आवाज इतका बारीक की तिला खाली वाकावं लागलं. "झालं गं."

तिने ब्लँकेटचा कोपरा उचलला, परत टाकला. वास अजून पसरला नव्हता. पाच-सात मिनिटं, फार तर दहा. आत उबेत गेलं की वास उठणार. आत सगळे ओळखीचे. ज्या हॉलमध्ये त्यांनी एकतीस वर्षं लोकांना उभं केलं, तिथे. मिस्टर व्हिटकॉम समोर कुठेतरी बघत होते, हात बिल्ल्यावर झाकलेला.

डेलरोजने खुर्ची फिरवली.

"काय हो, काय झालं? आला की नंबर!" मागचा माणूस म्हणाला.

"मी ओळखपत्र घरी विसरले," डेलरोज म्हणाली. ते तिच्या मुठीत होतं.

शपथेच्या कागदावर खोटं न लिहिणाऱ्या बाईने इथे खोटं सांगितलं, आणि तेही दुसऱ्याची अब्रू झाकायला. उतारावरून घरी, इग्लेसियसला परत हाक, पायऱ्या, कोमट पाणी, साबण. त्यांना टबात बसवेपर्यंत साडेसात. म्हातारा थंडीने काकडलेला, अंगात कणकण. अशा माणसाला शेजाऱ्यावर टाकून परत निघणं शक्य नव्हतं.

डेलरोजने त्यांच्या पाठीला साबण लावला. मग मिस्टर व्हिटकॉम म्हणाले, "पुढे किती होते?"

"नऊ."

"मला एका बाजूला ठेवून आत जायचं होतंस."

"कुणाच्या बाजूला? डोळे मिटा, साबण जाईल."

"तू 'हो' वर खूण करणार होतीस."

"हो."

"आणि माझा 'नाही' तूच काळा केलास."

"हो. तुम्ही एक शून्याने जिंकलात. हात वर करा."

त्यांनी हात वर केला. काखेत फडकं फिरलं. "वोझ्निआकला फोन लाव," ते एकदम म्हणाले. "मला माझं मत परत घ्यायचंय."

"एकदा गेलेलं मत..."

"परत येत नाही, ठाऊक आहे मला! मीच शिकवलंय तिला ते!" आणि मग त्या तोफखाना माणसाने टबात मान खाली घातली. डेलरोजने पाण्याचा मग त्यांच्या डोक्यावर ओतला, जरा हळूच.

त्या वर्षी प्रश्नाला 'हो' मिळाला. डेलरोजशिवाय मिळाला.

"माझं मत वाया गेलं," सकाळी रेडिओ बंद करत मिस्टर व्हिटकॉम म्हणाले.

"तुमचं पडून वाया गेलं. माझं तर पडलंच नाही," डेलरोज म्हणाली आणि पेज ढवळत राहिली.

पण घटना बदलली म्हणजे काम झालं असं समजू नका. आधी मत देता येईल, पण किती दिवस? तिथे परत घोडं अडलं. राजधानीत समिती बसली. कुणी म्हणे चार दिवस पुरेत, कुणी म्हणे खर्च फार होतो. सुनावणीत ज्याला बोलायचं त्याला तीन मिनिटं, घरून कॉम्प्युटरवर बोललं तरी चालेल. लोइसने नाताळला पाठवलेली कॉम्प्युटरची पाटी, म्हणजे टॅब्लेट, एरवी धूळ खात होती. डेलरोजने ती साखरेच्या डब्याला टेकवून उभी केली. चार तास वाट पाहिल्यावर तिचं नाव पुकारलं गेलं.

"माझं नाव डेलरोज पिनॉक. मी चोवीस तासांची बाई आहे. मला एक आड एक गुरुवार सुट्टी मिळते. तुमच्या चार दिवसांत गुरुवार येईलच असं नाही. आला, तर तो माझा असेल असं नाही. पण साहेब, ओळीने चौदा दिवस ठेवलेत, तर माझा एक गुरुवार त्यात येतोच. कुठूनही मोजायला लागा, येतोच. मी कॅलेंडरवर करून बघितलंय."

पडद्यावरच्या एका साहेबाने चष्मा वर केला. "बाई, एका बाईच्या सुट्टीवर आम्ही राज्याचा कायदा करायचा का?"

डेलरोज उत्तर देणार, तेवढ्यात मागून खुर्ची तिच्या कोपराला येऊन धडकली.

"आल्डन व्हिटकॉम, एकतीस वर्षं केंद्रप्रमुख! माझं मत अजून तेच आहे. निवडणूक एका दिवसाची असावी. पण तो एक दिवस आधी या बाईला द्या ना! तिला तो अजून मिळालेला नाही. मला मिळाला आणि मी तो..."

घंटा वाजली. तीन मिनिटं संपली होती.

डेलरोजच्या बोलण्यामुळे चौदा दिवस झाले, असं म्हणणं खोटं होईल. बोलणारे दोनशेवर होते. नर्सा होत्या, बसचालक होते, एकट्या आया होत्या. पण चौदा झाले, एवढं खरं.

पुढल्या निवडणुकीला मतदानाचा पहिला दिवस सोमवार. डेलरोजने त्या दिवशी काही केलं नाही. मंगळवारी, बुधवारीही नाही. पहिला गुरुवार तिचा नव्हता. मिस्टर व्हिटकॉमच अस्वस्थ. "अगं, जा ना! बदलीला फोन कर! दिवस संपतील!"

"येईल माझा गुरुवार. तुम्ही पेज संपवा."

आला. नऊला बदली बाई दारात हजर. डेलरोजने कोट घातला, वाचनालयाच्या तळघरातल्या हॉलमध्ये गेली. पुढे सहा माणसं. टेबलामागे मिसेस वोझ्निआक. त्यांनी यादीवर बोट ठेवलं, वर पाहिलं, आणि दोघींनाही तीच आठवण झाली.

"गावातच ना?"

"गावातच," डेलरोज म्हणाली.

आठ मिनिटं लागली. एवढंच होतं ते, आठ मिनिटं! मग क्लॉडेटच्या बेकरीत बूट काढून दोन पॅट्या. घाई नव्हती, सहापर्यंत दिवस तिचा होता.

संध्याकाळी घरात पाय टाकते तोच हजेरी सुरू. "रांग किती? पेनं चालत होती? पडदा नीट लावलेला होता का? प्रमुख उभा होता की बसला होता?"

डेलरोजने सगळं सांगितलं. मग 'मी मत दिलं' असं छापलेला कागदी टिकला आपल्या कोटावरून काढला आणि त्यांच्या स्वेटरवर, जिथे एरवी पितळी बिल्ला लागायचा तिथे, चिकटवला.

"हा तुझा आहे," ते म्हणाले.

"तुम्ही पाठवायला निघाला होतात ना मला सोमवारपासून. ठेवा."

चौदा दिवस कायद्याने दिले. पण गुरुवार कायदा देत नाही. तो घरातली माणसं देतात, आणि बदली बाई दर वेळी येतेच असं नाही. तुमच्या आईच्या, वडलांच्या उशाशी जी कुणी बसते, तिला आजच विचारा, बाई गं, तुझा गुरुवार कधी? आणि मतदानाच्या दिवसांत तो येत नसेल, तर एक सकाळ कामावर रजा टाका, त्या पलंगाशेजारच्या खुर्चीत तुम्ही स्वतः बसा, आणि तिला जाऊ द्या.